परीबागेतील फुलझाडे

पसरट कुंडीत इवलेसे घर, पायवाट व तळे मांडून आणि त्यांच्या प्रमाणात शोभतील अशी फुलझाडे लावून जे दृश्य सजविले जाते, त्यास परीबाग (पऱ्यांची वस्ती कल्पून रचलेले लघुउद्यान) म्हणतात. तीसाठी रोपवाटिकेतील सर्वांत लहान रोप निवडावे, हा समज स्वाभाविक असला, तरी यथार्थ नाही. पाळण्यातील मूल आणि ठेंगण्या बांध्याचा प्रौढ मनुष्य यांत जो भेद, तोच कोवळे रोप आणि खुजा वाण (आनुवंशिक गुणाने पूर्ण वाढीनंतरही लहान राहणारी जात) यांत आहे. बोटभर उंचीचे साध्या सदाफुलीचे रोप यथावकाश वाढून त्या घराचे छप्पर सहज झाकून टाकते. सबब, खरेदीसमयी रोपाची आजची उंची न पाहता पूर्ण वाढीची उंची आणि पानाफुलांचा आकार विचारावा.

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावासारख्या कडक उन्हाच्या मुलखात चिनी गुलाब अव्वल ठरतो. कारण मूळचे दक्षिण अमेरिकेतील हे झाड साधारणतः १० ते २० सेंटिमीटर उंचीचे राहते, मांसल पानांत पाणी साठविते आणि उन्हातच फुलते. हिवाळ्याच्या लहान दिवसांत बहरणारा, मादागास्करचा कलांचो परीबागेत वृक्षाची जागा घेऊ शकतो. मात्र नुसती काळी माती पाणी धरून या दोहोंची मुळे कुजविते. म्हणून तीत जाड वाळू व थोडे कुजलेले शेणखत मिसळावे आणि कुंडीच्या तळाशी छिद्र अवश्य ठेवावे.