चार बाजू मोजल्या, कर्ण राहिला

आपल्या तासगाव परिसरात जमिनीचा व्यवहार गुंठ्यांत बोलला जातो. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस तुकडा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हे कोष्टक व्यापारी घरांतील मुलांनाही पाठ असते. परंतु प्रत्यक्ष जमीन क्वचितच चौरस असते. ओढा तिरका वाहतो, रस्ता वळण घेतो आणि बांध चार असले तरी त्यांत काटकोन एकही सापडत नाही. अशा जमिनीचे क्षेत्रफळ काढावे कसे, या प्रश्नाचा विचार आपल्याच परंपरेतील एका आचार्यांनी जवळजवळ बाराशे वर्षांपूर्वी केला होता.

ते आचार्य म्हणजे ‘गणितसारसंग्रह’कर्ते महावीराचार्य. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, त्यांनी हा ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. ग्रंथात नऊ अधिकार आहेत. व्याज व भागीदारीची उदाहरणे मिश्रक व्यवहारात येतात, तर क्षेत्रगणितास स्वतंत्र अधिकार दिला आहे. १९१२ मध्ये मद्रास येथून प्रा. रंगाचार्यांच्या इंग्रजी अनुवादासह हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली.

महावीराचार्य क्षेत्रफळाचे दोन प्रकार मानतात : व्यावहारिक, म्हणजे स्थूल, आणि सूक्ष्म, म्हणजे अचूक. चौकोनाचे स्थूल क्षेत्रफळ काढण्याची रीत सोपी आहे. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करून निम्मी करावी, दुसऱ्या जोडीचेही तसेच करावे आणि दोन्हींचा गुणाकार करावा. आजही दोरीने किंवा टेपने चार बांध मोजून अनेक जण नकळत हेच करतात. आयताला ही रीत तंतोतंत लागू पडते. अन्य कोणत्याही चौकोनात मात्र तिचे उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच येते. कमी कधीच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. दोन भावांत वाटणी झाली. दोघांच्याही तुकड्यांचे बांध अनुक्रमे ३००, २५०, ३०० आणि २५० फूट आहेत. थोरल्याचा तुकडा काटकोनी आहे. रस्ता वळल्यामुळे धाकट्याचा तुकडा तिरपा झाला असून त्याच्या ३०० फुटी बांधांमधील लंब अंतर २०० फूटच भरते. स्थूल रीतीने दोघांनाही ७५,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे पावणेएकोणसत्तर गुंठे मिळाले. वस्तुतः धाकट्याचे क्षेत्र ३०० गुणिले २००, म्हणजे ६०,००० चौरस फूट. जेमतेम ५५ गुंठे. बांध सारखे, दोरी सारखी, आणि तरी पावणेचौदा गुंठ्यांचा फरक! द्राक्षबागेत दोन ओळींत ९ फूट व दोन वेलींत ५ फूट अंतर धरल्यास हा फरक ३३३ वेलींचा होतो. वर्षानुवर्षांचे उत्पन्न आणि भावाभावांतील विश्वास, दोन्हींचा हा प्रश्न आहे.

उभ्या बागेत लंब काढणे अवघड असते. त्यावर उपाय कर्णाचा. समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारे अंतर मोजले की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून सूक्ष्म क्षेत्रफळ काढण्याची रीत महावीराचार्यांनी दिली आहे. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे अर्ध घ्यावे. त्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करावी. हे अर्ध व तिन्ही बाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे. धाकट्याच्या तुकड्याचा लहान कर्ण २५० फूट भरतो. त्रिकोणाच्या बाजू ३००, २५०, २५०. बेरजेचे अर्ध ४००. बाक्या १००, १५०, १५०. गुणाकार ९० कोटी, वर्गमूळ ३०,०००. असे दोन त्रिकोण मिळून ६०,००० चौरस फूट. हिशेब पूर्ण झाला.

चौकोनाच्या केवळ चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे सूक्ष्म सूत्रही या ग्रंथात आहे. परंतु ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चौकोनालाच ते लागू पडते. वरील तिरप्या तुकड्यास लावल्यास पुन्हा ७५,००० हेच उत्तर येते. पुढे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हे मर्म स्पष्ट केले : लंब किंवा कर्ण सांगितल्याविना चौकोनाचे क्षेत्रफळ निश्चितच होत नाही.

वर्तुळाबाबतही हाच भेद आहे. स्थूल गणितात परिघ व्यासाच्या तिप्पट, तर सूक्ष्म गणितात दहाच्या वर्गमूळाइतक्या पट. एक लक्ष योजने व्यासाच्या जंबूद्वीपाचा परिघ ३,१६,२२७ योजनांहून किंचित अधिक सांगितला आहे, तो याच हिशेबाने. ४० फूट व्यासाच्या विहिरीचे क्षेत्रफळ स्थूल रीतीने १,२०० चौरस फूट, दहाच्या वर्गमूळाने सुमारे १,२६५ आणि आजच्या गणिताने सुमारे १,२५७ येते.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणे, याची गणना आहे. आपण तराजूच्या काट्याकडे जितके लक्ष देतो, तितके जमिनीच्या मापाकडेही द्यावयास हवे. स्थूल रीत सदैव अधिकच दाखवते आणि तिचा लाभ सदैव विकणाऱ्यास होतो. हे ठाऊक असूनही जो तीच रीत पुढे करतो, त्याचे माप खोटेच म्हणावे लागेल.

म्हणून खरेदी, वाटणी अथवा तारण, कोणताही व्यवहार असो, चार बांधांबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत. समोरासमोरच्या बाजू समान आणि कर्णही समान असतील तरच जागा गुण्यात आहे असे समजावे. नसेल तर त्रिकोण पाडून हिशेब करावा. मोजलेले क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नसेल, तर पैसे देण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. घरातील शाळकरी मुलांनाही एखाद्या रविवारी टेप घेऊन शेतावर न्यावे. पुस्तकातील त्रिकोण त्यांना बांधावर उभा दिसेल, आणि व्यवहारात माप चोख ठेवण्याचा संस्कारही त्यासोबत मिळेल.