यंत्रावर विसंबलेलें शहर

ज्या गोष्टींवांचून नागरी जीवन एक दिवसहि नीट चालावयाचें नाहीं, अशा गोष्टी मोजक्याच आहेत: पाणी, वीज, रस्ते, रेल्वे, रुग्णालय, बँक आणि निरोपाचें साधन. पूर्वी या प्रत्येकीची व्यवस्था निराळी असे. विहिरीला तारेची जरुरी नव्हती. तलाठ्याच्या दप्तरांतील सातबारा वीज नसतांहि वाचतां येई. दुकानदाराची वही कंदिलाच्या उजेडांत लिहून होई. एक व्यवस्था बिघडली तरी दुसरी आपल्या जागीं उभी राही. गेल्या तीसेक वर्षांत संगणक या सर्वांच्या मुळाशीं जाऊन बसला आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील गृहस्थाचा सातबारा आज संगणकांतून निघतो, शिधावाटपाचें धान्य अंगठ्याचा ठसा यंत्रानें ओळखल्यावर मिळतें, आणि बाजारांतील मासळीचे पैसेहि पुष्कळदां फोनवरूनच चुकते होतात. यांत सोय मोठी आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, अनेक खांबांवर उभें असलेलें हें घर आतां एकाच खांबावर तर येऊन ठेपलें नाहीं ना?

चिपळूण शहराला या प्रश्नाचें उत्तर २२ जुलै २०२१ रोजीं मिळालें. अतिवृष्टीनें फुगलेल्या वाशिष्ठी व शिव या नद्यांचें पाणी शहरांत शिरलें, बाजारपेठ बुडाली, वीज गेली, आणि विजेमागोमाग मोबाइलचे मनोरेहि मुके झाले. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना आपलीं माणसें सुखरूप आहेत कीं नाहींत हें कळेना. त्या दिवशीं एस. टी. आगाराच्या व्यवस्थापकानें आगाराची सुमारें ९ लाख रुपयांची रोकड जवळ घेऊन बुडालेल्या गाडीच्या टपावर कित्येक तास काढले आणि ती वांचविली. नोटा अशा रीतीनें वांचवाव्या लागतात. बँकेंतील खातें मात्र पुरांत भिजत नाहीं. तें दूरच्या शहरांतील संगणकांत सुखरूप असतें. बुडते ती तेथवर पोहोंचण्याची वाट. पैसा आहे, पण हातांत येत नाहीं. डॉक्टर आहे, पण त्याला निरोप जात नाहीं. नव्या व्यवस्थेच्या दुबळेपणाचें हें खरें स्वरूप आहे.

याच चिपळूण तालुक्यांत पोफळी येथें कोयना प्रकल्पाचें भूमिगत वीजगृह आहे. या प्रकल्पाची एकंदर क्षमता सुमारें १९६० मेगावॅट असून त्याची वीज सह्याद्रि ओलांडून दूरदूर जाते. विजेचा उगम उशाशीं असूनहि गांव अंधारांत राहूं शकतो, कारण प्रश्न उगमाचा नसून मधल्या दुव्यांचा असतो.

हे दुवे एकमेकांत कसे अडकले आहेत तें पाहण्यासारखें आहे. मोबाइलच्या मनोऱ्याला वीज लागते. ती गेली तर तो कांहीं तास बॅटरीवर चालतो, पुढें डिझेलच्या जनित्रावर. आणि डिझेल पोहोंचावयास रस्ता मोकळा असावा लागतो. उलट, तुटलेली तार कोठें आहे हें वीज-कामगारांना कळावयास तोच मोबाइल लागतो. म्हणजे विजेवांचून निरोप नाहीं आणि निरोपावांचून वीज नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें दापोली व मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे केले, तेव्हां कित्येक गांवांनीं हा फेरा दिवसेंदिवस सोसला. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं खुद्द मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. पुढें २०२१ च्या मार्चमध्यें राज्याच्या गृहमंत्र्यांनीं यामागें परकीय संगणक-हल्ल्याचा संशय बोलून दाखविला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं ती मानवी चूक असल्याचें सांगितलें. दोष निसर्गाचा, माणसाचा कीं शत्रूचा, यावरच जाणत्यांत मतभेद व्हावा, ही गोष्टच विचार करावयास लावणारी आहे.

शत्रूचा नेम आपल्यावर असावाच लागतो असेंहि नाहीं. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलींतून एक विध्वंसक संगणक-विषाणु पसरला. तो मर्स्क या जहाज-कंपनीच्या जाळ्यांत शिरला, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्या कंपनीच्या धक्क्याचें काम ठप्प झालें. भांडण हजारों कोस दूर, आणि पेट्या अडकल्या त्या रायगड जिल्ह्यांत! पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून २०१८ च्या ऑगस्टमध्यें सुमारें ९४ कोटी रुपये असेच जाळ्यांतून पळविले गेले. चोरांना तिजोरीपाशीं यावेंहि लागलें नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं तर कोणी चोरहि नव्हता: संगणकांच्या रक्षणासाठीं नेमलेल्या एका आज्ञावलीची सुधारणा चुकली आणि जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. भारतांतील कांहीं विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपत्र दिलें गेलें. लेखणी अजून हाताशीं होती, म्हणून विमानें सुटलीं.

कायद्यानें या धोक्याची दखल घेतली आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७० व्या कलमाखालीं अशा महत्त्वाच्या संगणक-व्यवस्थांना संरक्षित ठरवितां येतें, आणि त्यांच्या रक्षणासाठीं २०१४ पासून एक राष्ट्रीय केंद्र काम करीत आहे. परंतु कायदा पहारा बसवितो. पहारा चुकला तर घर कसें चालवावें, हें ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें.

त्याचे मार्ग फारसे गूढ नाहींत. रुग्णालय, पाणीपुरवठा व बँक यांनीं यंत्राविना काम चालविण्याची रीत केवळ कागदावर न ठेवतां वर्षांतून एकदां तरी प्रत्यक्ष करून पाहावी, कारण न केलेली गोष्ट आणीबाणींत सुचत नाहीं. जनित्रें व बॅटऱ्या तळघरांत नसाव्यात, पूररेषेच्या वर असाव्यात. चिपळूणसारख्या गांवीं तर हा पहिला नियम होय. निरोपाचा एक मार्ग मोबाइलवर मुळींच अवलंबून नसावा. बिनतारी संच त्यासाठींच असतात. घरोघरींहि चार दिवसांपुरती रोकड, आप्तांचे व डॉक्टरांचे क्रमांक कागदावर लिहिलेले, आणि बॅटरीवर चालणारा एक रेडिओ असावा. दूरच्या प्रक्षेपणकेंद्राचा आवाज गांवांतला मनोरा पडला तरी घरांत येतो.

कोंकणांतील जुना नाखवा होकायंत्र जवळ असूनहि ताऱ्यांची ओळख विसरत नसे. त्याचा यंत्रावर अविश्वास नव्हता. समुद्रावर मात्र पूर्ण विश्वास त्यानें कधींच टाकला नाहीं. आजच्या शहरांना यंत्रें टाकून द्यावयाचीं नाहींत. यंत्र थांबलें तर पाणी, औषध आणि निरोप हीं तीन तरी हातानें चालू राहतील, एवढी सोय त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं करून ठेवावयाची आहे.