केसाएवढ्या नळीतलं करिअर

गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं. थुंकीतून वेगळा काढलेला डीएनए त्याच्या चिपवर टाकला की तासाभरात क्षयाचं निदान होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. खेड्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंत प्रयोगशाळा नेणारी ही वाट मला फार मोलाची वाटते.

अशा चिपवर अतिसूक्ष्म प्रमाणातले द्रव हाताळण्याचं शास्त्र म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्स. केसाएवढ्या रुंद नळीत द्रव खळाळत नाही. दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात आणि अगदी सावकाश मिसळतात. त्यांना लवकर मिसळवायचं कसं, हाच इथल्या इंजिनिअरचा रोजचा प्रश्न. चिप बनवताना पीडीएमएस हे पारदर्शक सिलिकॉन रबर साच्यात ओतायचं, निर्वातात बुडबुडे काढायचे, ओव्हनमध्ये घट्ट करायचं आणि प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन काचेवर चिकटवायचं. एखादा बुडबुडा राहिला तरी चिप वाया जाऊ शकते.

निदान किट, औषध चाचण्या, इंकजेट प्रिंटर अशा क्षेत्रांत हे शास्त्र जाणणारी माणसं लागतात. संशोधनासाठी पीएचडी हवी. उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीत बी.ई., एम.एस्सी. झालेल्यांनाही वाव आहे. मेकॅनिकलच्या मुलांनो, थोडं जीवशास्त्र शिका. बायोटेकवाल्यांनो, फ्लुइड मेकॅनिक्स टाळू नका.