बाटिक
बाटिक ही वितळलेल्या मेणाच्या साहाय्याने कापड रंगवण्याची पारंपरिक हस्तकला आहे. मेण लावलेल्या भागात रंग शिरत नाही, या तत्त्वावर ती आधारलेली आहे. इंडोनेशियातील जावा बेटावर या कलेचा विशेष विकास झाला. २००९ साली युनेस्कोने इंडोनेशियन बाटिकचा समावेश मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला.

प्रक्रिया
सुती किंवा रेशमी कापडावर चांटिंग या साधनाने मेणाची रेघ ओढली जाते. चांटिंगला तांब्याची छोटी वाटी, बारीक तोटी आणि लाकडाची किंवा बांबूची मूठ असते. मेण लावलेले कापड रंगात बुडवतात. गरम रंगात मेण वितळत असल्याने थंड अवस्थेत चढणारे रंग वापरावे लागतात. त्यामुळे नीळ या कामास विशेष उपयुक्त ठरली. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घालून मेण काढतात. प्रत्येक नव्या रंगासाठी मेण लावण्याची व रंगवण्याची क्रिया पुन्हा करावी लागते.

प्रकार
हाताने रेखलेल्या बाटिकला ‘तुलिस’ (लिहिलेले) म्हणतात. एका कापडास कित्येक आठवडे किंवा महिनेही लागतात. १९व्या शतकात ‘चाप’ हा तांब्याचा ठसा प्रचारात आला व मेण लावण्याचे काम जलद झाले. त्याच शतकात युरोपीय कारखान्यांनी यंत्रावर छापलेल्या नकला जावात विकण्यास सुरुवात केली. केवळ नक्षी छापलेले, मेण न वापरलेले कापड खऱ्या अर्थाने बाटिक नसते. तुलिसमध्ये सामान्यतः दोन्ही बाजूंनी मेण लावतात, त्यामुळे नक्षी दोन्हीकडे सारखीच स्पष्ट दिसते. छापील कापडाची मागील बाजू बहुधा फिकट असते.

नक्षी
योग्यकार्ता व सुराकार्ता येथील परंपरेत निळा, तपकिरी आणि पांढरा हे रंग प्रमुख आहेत. तिरप्या पट्ट्यांच्या ‘पारांग’ नक्षीचे काही प्रकार पूर्वी राजघराण्यांसाठी राखीव होते. पेकालोंगानसारख्या किनारी शहरांतील उजळ रंगांत व फुलापक्ष्यांच्या आकृत्यांत चिनी आणि युरोपीय प्रभाव आढळतो.

भारतातील बाटिक
रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२७ साली जावाला भेट दिली. पुढे शांतिनिकेतनमध्ये बाटिकचा प्रसार झाला; त्यात प्रतिमा देवींचा मोठा वाटा होता. गुजरातमधील कच्छमध्ये मेण ठशांनी लावण्याची परंपरा आहे. मेणाला तडे जाऊन रंग आत झिरपल्याने उमटणारे रेषांचे जाळे भारतात बाटिकचे सौंदर्य समजले जाते. सूक्ष्म जावानी तुलिसमध्ये मात्र ते टाळण्याकडे कल असतो.