मोठ्या वजनघटीनंतर सैल होणारी त्वचा : कारणे, समस्या व उपाय (ग्रामीण रायगडच्या संदर्भात)

प्रस्तावना :
लठ्ठपणा हा केवळ शहरी व सधन वर्गाचा विकार राहिलेला नाही. आहारातील बदल, कमी झालेले शारीरिक श्रम आणि मधुमेहाचा वाढता प्रसार यांमुळे ग्रामीण भागातही तो आढळतो. त्याचबरोबर वजन कमी करण्याविषयीची जागरूकताही वाढली आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीचा महाराष्ट्रात झालेला प्रसार, मुंबई-पुण्यातील बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया आणि 2025 मध्ये भारतात उपलब्ध झालेली टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन घटविणारी इंजेक्शने ही त्याची उदाहरणे होत. मात्र वजन उतरल्यानंतर लोंबणाऱ्या त्वचेचे काय करावे, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या गावाच्या परिस्थितीत हा प्रश्न कसा हाताळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्वचा सैल होण्याची कारणे :
त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर असतात. अंतस्त्वचेतील कोलॅजेन हे प्रथिन त्वचेस बळकटी देते, तर इलॅस्टिनच्या तंतूंमुळे ताणलेली त्वचा पूर्ववत होते. अनेक वर्षे मेदामुळे त्वचा ताणलेली राहिल्यास या तंतूंची हानी होते. मेद कमी झाला तरी त्वचेचा वाढलेला विस्तार तसाच राहतो. वाढते वय, लठ्ठपणाचा दीर्घ कालावधी, घटलेल्या वजनाचे प्रमाण, धूम्रपान, उन्हाचा मारा, गर्भारपण व आनुवंशिकता यांवर सैलपणाची तीव्रता अवलंबून असते. म्हणूनच दहा किलो वजन कमी झालेल्या तरुणाची त्वचा बहुधा आवळते. पन्नास किलो वजन घटलेल्या प्रौढ व्यक्तीची पूर्णपणे आवळेल अशी अपेक्षा करता येत नाही.

उद्‌भवणाऱ्या समस्या :
हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. पोटाखाली, स्तनांखाली, काखेत व जांघांत त्वचेच्या घड्या एकमेकींवर घासतात. तेथे घाम साचतो, त्वचा सोलवटते व बुरशीचा संसर्ग होतो. कोकणातील दमट हवामानात हा त्रास वाढतो. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर ओल्या कपड्यांत चिखलात वाकून काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना घड्या कोरड्या ठेवणे कठीण जाते. पुष्कळदा दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावले जाते. त्याने तात्पुरता आराम पडतो. परंतु संसर्ग पसरतो व त्वचा अधिक पातळ होते. याखेरीज चालण्यास अडथळा, पाठदुखी आणि मानसिक संकोच हेही परिणाम दिसतात. एवढे कष्ट करूनही शरीर बेढब दिसते, या निराशेतून काहीजण पथ्य सोडून देतात व वजन पुन्हा वाढते. आरोग्याच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी हानी होय.

शस्त्रक्रियेविना उपाय :
1) घड्या रोज स्वच्छ धुऊन पूर्णपणे कोरड्या कराव्यात व त्यांत मऊ सुती कापड ठेवावे.
2) लाली, दुर्गंधी वा खाज असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बुरशीनाशक औषध घ्यावे.
3) डाळी, कडधान्ये, दूध, अंडी व मासळी यांतून पुरेशी प्रथिने घ्यावीत.
4) स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. त्वचेखालील स्नायू भरल्याने सैलपणा काहीसा कमी दिसतो.
5) पोटास आधार देणारा पट्टा वा घट्ट अंतर्वस्त्र वापरावे.

त्वचा आवळण्याचा दावा करणारी मलमे व तेले मोठ्या प्रमाणात सैल झालेल्या त्वचेवर परिणामकारक ठरत नाहीत. त्यांवर पैसा खर्च करणे व्यर्थ आहे.

शस्त्रक्रिया :
पॅनिक्युलेक्टमीत पोटाची लोंबणारी घडी काढली जाते. अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीत त्याबरोबरच पोटाचे सैल स्नायूही आवळले जातात. दंड, मांड्या व छाती यांसाठी स्वतंत्र शस्त्रक्रिया आहेत. केवळ मेद शोषून घेणारी लायपोसक्शन ही प्रक्रिया त्वचेचा सैलपणा दूर करत नाही. वजन किमान सहा महिने स्थिर असावे; बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः बारा ते अठरा महिने थांबतात. रक्तक्षय, प्रथिनांची व जीवनसत्त्वांची कमतरता तसेच मधुमेह आधी आटोक्यात आणावा लागतो आणि धूम्रपान थांबवावे लागते. जखम उसवणे, द्रव साचणे, जंतुसंसर्ग व पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होणे हे धोके असतात. लांब व्रण कायम राहतो, याची कल्पना रुग्णास आधीच असावी.

खर्चाचा प्रश्न :
भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या शब्दरचनेनुसार सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून वगळता येते. मात्र आरोग्यास असलेला प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास ती त्या अपवर्जनात येत नाही. म्हणून वारंवार होणारा संसर्ग, घेतलेले उपचार व छायाचित्रे यांची नोंद पहिल्यापासून ठेवणे महत्त्वाचे ठरते. गावातील रुग्णाने प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात वा पेण येथील शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. पुढे अलिबाग किंवा मुंबईतील शासकीय रुग्णालयात जाताना या नोंदी उपयोगी पडतात.

निष्कर्ष :
सैल त्वचा हे वजनघटीचे अपयश नसून तिचा स्वाभाविक परिणाम आहे. स्वच्छता, आहार व व्यायाम हे सर्वांच्या आवाक्यातील उपाय होत. शस्त्रक्रिया ही निवडक रुग्णांसाठी व योग्य वेळी करावयाची असते. वजन कमी करण्याचा सल्ला देतानाच या परिणामाची पूर्वकल्पना दिल्यास रुग्णाची निराशा टळेल व कष्टाने मिळविलेले आरोग्य टिकून राहील.