भोकं मोठी, विषाणू लहान. मग मास्क अडवतो काय?

दवाखान्यात नंबर लावून बसलं की एखादा मास्कवाला दिसतोच, आणि त्याला हसणाराही. हसणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं: करोनाचा विषाणू जेमतेम ०.१ मायक्रॉनचा, कापडाची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. मग अडवणार काय, कपाळ?

गफलत इथेच आहे. मास्क म्हणजे पिठाची चाळण नव्हे. विषाणू सुटा उडत नाही, तो श्वासातल्या थेंबांत बसून येतो. हवा धाग्याला वळसा घालते, पण मोठ्या थेंबाला वेगात वळता येत नाही. तो धाग्यावर आदळतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कुठेतरी चिकटतात. निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून एन-९५ची परीक्षा त्याच आकारावर: किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, तो कण ओढून घेतो. (साबणाने धुतलात की भार उतरतो, पैसे वाया.)

मग सगळीकडे घालायचा? नाही. मोकळ्या मैदानात श्वास लगेच विरतो. तिथे मास्क हा अतिरेकच. कोंदट खोली, गर्दी आणि तासभर बसणं जुळलं की हिशेब बदलतो. रोग किती जीवघेणा, हेही पाहायचं. १९१०-११मध्ये मंचुरियात फुप्फुसाच्या प्लेगचा रोगी जवळपास वाचतच नसे. डॉ. वू लिएन-तेह यांनी तिथे गॉझचे मास्क घालायला सांगितले. ते न मानणारे फ्रेंच डॉक्टर मेस्नी प्लेगनेच गेले.

खोकला तुम्हालाच असेल, तर मास्क आधी तुम्ही घाला. आणि नाकावरची पट्टी दाबून बसवा. फटीतून जाणारी हवा गाळली जात नाही.