पतचौकशी

पतचौकशी : कर्जाचा किंवा क्रेडिट कार्डाचा अर्ज आल्यावर अर्जदाराची पूर्वीची देणी व परतफेडीची रीत जाणून घेण्यासाठी धनको संस्था पतमाहिती कंपनीकडून त्याचा अहवाल मागविते. या क्रियेस पतचौकशी म्हणतात. चौकशीची नोंद त्याच अहवालात होते आणि तिचा काही काळ अर्जदाराच्या पतगुणांकावर परिणाम होतो. भारतात हा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. २००० मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या पतमाहिती कंपनीच्या नावावरून व्यवहारात त्यास ‘सिबिल’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या कंपन्यांचे नियमन २००५ च्या पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियमानुसार रिझर्व्ह बँक करते.

प्रकार : पतचौकशीचे दोन प्रकार आहेत. नव्या कर्जाच्या अर्जावरून धनको संस्थेने केलेली चौकशी ही कर्जार्थ चौकशी होय. तिच्या नोंदीत संस्थेचे नाव, दिनांक, कर्जाचा प्रकार व मागितलेली रक्कम ही असतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहणे किंवा चालू खातेदाराचा बँकेने घेतलेला नियतकालिक आढावा, ही माहितीपर चौकशी होय. तिचा गुणांकावर परिणाम होत नाही. प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळावा, अशी तरतूद १ जानेवारी २०१७ पासून अंमलात आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पत ठरविण्याचे काम दीर्घकाळ परिचयावर चालत आले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर गावोगावी निघालेल्या संस्थांत कर्ज मागणारा व मंजूर करणारा हे एकमेकांस ओळखत असत. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यासारख्या ऊसपट्ट्यात विकास सेवा संस्था, सहकारी बँक व साखर कारखाना यांभोवती ही व्यवस्था उभी राहिली. दुसऱ्या बँकेकडे कर्ज मागताना शेतकऱ्यास इतर संस्थांचे ‘ना-देय दाखले’ गोळा करावे लागत. एप्रिल २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण व निमशहरी भागांतील वैयक्तिक कर्जदारांकडून असे दाखले न मागण्याच्या सूचना दिल्या आणि त्यांऐवजी सुचविलेल्या पर्यायांत पतमाहिती कंपनीकडील पडताळणीचा समावेश केला. त्यामुळे दाखल्यासाठीचे हेलपाटे कमी झाले. मात्र अर्जाची नोंद राहू लागली.

कालानुसार परिणाम : थोड्या अवधीत अनेक ठिकाणी कर्ज मागणाऱ्यांमध्ये थकबाकीदारांचे प्रमाण अधिक आढळते, या सांख्यिकीय अनुभवावर चौकशीचे मूल्यमापन आधारलेले आहे. भारतीय कंपन्या आपल्या गुणांकनाचे नेमके सूत्र प्रसिद्ध करीत नाहीत. अमेरिकेतील फायको या प्रचलित गुणांकाविषयी मात्र काही तपशील उपलब्ध आहेत. त्यानुसार एका चौकशीमुळे बहुतेकांचा गुणांक पाचांहून कमी अंकांनी घटतो. नोंद अहवालात दोन वर्षे राहते, परंतु गुणांक काढताना शेवटच्या बारा महिन्यांतील चौकश्याच विचारात घेतल्या जातात. घरासाठी किंवा वाहनासाठी दरांची तुलना करण्याच्या हेतूने १४ ते ४५ दिवसांत केलेल्या अनेक चौकश्या तेथे एकच मानल्या जातात. हा अवधी सूत्राच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो.

यावरून चौकशीचा परिणाम अल्प व ओसरत जाणारा असतो, हे स्पष्ट होते. परतफेडीतील चुकारपणा आणि मंजूर मर्यादेच्या तुलनेत उचललेले कर्ज यांचा प्रभाव त्याहून पुष्कळ मोठा असतो. ज्याचा पतइतिहास थोडा आहे, त्याला मात्र तीच घट अधिक जाणवते. कारण तिचा तोल सांभाळणाऱ्या नियमित हप्त्यांच्या नोंदी त्याच्या खात्यावर नसतात.

स्थानिक परिस्थिती : चौकश्या एकवटल्या म्हणजे काय घडते, हे कृष्णा-पंचगंगा संगमावरील नृसिंहवाडीच्या उदाहरणावरून समजू शकेल. दत्तक्षेत्र असलेल्या या गावात शेतीबरोबर यात्रेकरूंवर अवलंबून असलेली पेढे, बासुंदी, पूजासाहित्य इत्यादींची दुकाने आहेत. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचा फटका या परिसरास बसला. अशा वेळी माल व भांडवल दोन्ही गेलेल्या दुकानदाराने महिनाभरात राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक व दोन वित्त कंपन्या यांकडे अर्ज केल्यास त्याच्या अहवालात चार चौकश्या उमटतात. अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हे चौकशीच्या नोंदीत नसते. चौकश्या चार, पण नवे खाते एकही नाही, असे पाहून पाचवी संस्था त्याला तिघाचौघांनी नाकारले असावे असा तर्क करू शकते. गावावर आलेले संकट आणि व्यक्तीचा उधळेपणा यांतील भेद चौकश्यांच्या संख्येवरून कळत नाही. गावच्या संस्थेच्या पंचांना तो सांगावा लागत नसे. ही उणीव शाखाधिकाऱ्याने स्थानिक माहितीच्या आधारे भरून काढणे अगत्याचे ठरते.

संरक्षण व मर्यादा : धनको संस्थेने अहवाल पाहिल्यास संबंधितास लघुसंदेश किंवा ईमेलद्वारे सूचना द्यावी आणि तक्रारीचे निवारण तीस दिवसांत न झाल्यास प्रतिदिनी १०० रु. भरपाई द्यावी, असे आदेश रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढले. न केलेल्या अर्जाची चौकशी नोंदली गेल्यास त्याविरुद्ध दाद मागता येते. पूर्वीचा पतइतिहास नाही एवढ्याच कारणावरून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, अशी सूचना जानेवारी २०२५ च्या निदेशांत आहे. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावले.

कर्जदाराच्या दृष्टीने अर्ज करण्यापूर्वी स्वतःचा अहवाल तपासणे, अटी व व्याजदर तोंडी विचारून मगच एका संस्थेकडे लेखी अर्ज देणे आणि तो नामंजूर झाल्यास कारण समजून घेऊन पुढील अर्जास काही महिने जाऊ देणे हितावह ठरते. चौकशीची छाया कालांतराने विरते. चुकलेल्या हप्त्याची त्या मानाने फार काळ टिकते.